विल्यम डनलॅप : तिकीट खिडकीवर हरलेला इतिहासकार

अमेरिकन नाटकाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : ‘विल्यम डनलॅपला अमेरिकन नाटकाचा जनक म्हणतात, पण त्याचं एकही नाटक आज कुणी करत नाही. त्याने रंगभूमीचा इतिहास लिहिला, त्यातही चुका आहेत असं वाचलं. मग त्याचं मोठेपण नेमकं कशात? आणि लघुप्रबंधासाठी त्याचं कुठलं नाटक घ्यावं?’

आधी तो ‘जनक’ शब्द बाजूला ठेवा. जनक दुसऱ्याचं नाटक चाललंय हे बघून लिहायला बसत नाही. डनलॅप तसाच बसला. रॉयल टायलरचं ‘द कॉन्ट्रास्ट’ १६ एप्रिल १७८७ ला न्यूयॉर्कात लागलं, गाजलं, आणि त्याच वर्षी लंडनहून परतलेल्या एकवीस वर्षांच्या डनलॅपला वाटलं की हे आपल्यालाही जमेल. त्याने पुढे साठाच्या आसपास नाटकं लिहिली. त्यांतली बरीचशी अनुवाद किंवा रूपांतरं आहेत, आणि शब्दकळेच्या जोरावर टिकेल असं त्यांत फार नाही. म्हणून ती कुणी करत नाही. यात अन्याय वगैरे काही झालेला नाही.

मी स्वतः नाटकं लिहिलेली नाहीत. तीस-पस्तीस वर्षं निर्मितीची आणि व्यवस्थापनाची बाजू सांभाळली आहे : तारखा मिळवायच्या, नटांची भांडणं मिटवायची, आणि रात्री बारा वाजता बुकिंगचा गल्ला मोजून उद्याच्या गाडीभाड्याचं काय करायचं याचा विचार करायचा. त्यामुळे डनलॅपकडे मी हिशेबाच्या वहीतून बघतो, आणि मला वाटतं त्याच्याकडे बघायची तीच योग्य खिडकी आहे. त्याची कारकीर्द तिकीट खिडकीवर घडली आणि तिथेच मोडली. नंतर त्या मोडलेल्या माणसाने इतिहास लिहिला. त्या इतिहासाची ताकद आणि त्याच्यातली खोट, दोन्ही तिथूनच येतात.

आता जरा सुरुवातीपासून. जन्म १९ फेब्रुवारी १७६६, न्यू जर्सीतलं पर्थ अँबॉय. वडील आयरिश, ब्रिटिश सैन्यातले माजी अधिकारी, क्वेबेकच्या लढाईत जखमी झालेले, नंतर दुकानदार. क्रांतीच्या काळात हे कुटुंब राजाच्या बाजूचं. १७७७ मध्ये ते ब्रिटिशांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कात राहायला गेलं, आणि मुलाला नाटक बघायला मिळालं ते कुणी करावं? ब्रिटिश अधिकाऱ्यांनी. सैनिकी अधिकारी हौसेने जॉन स्ट्रीटच्या थिएटरात नाटकं करत. त्या हौशी मंडळींत मेजर जॉन आंद्रे नावाचा एक देखणा तरुण होता, तो नेपथ्याचे पडदेही रंगवायचा. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

बारा वर्षांचा असताना मुलांच्या खेळात फेकलेलं लाकूड लागून डनलॅपचा उजवा डोळा गेला. तरीही वडिलांनी त्याला चित्रकार करायचं ठरवलं. १७८३ मध्ये, सतरा वर्षांच्या या एकाक्ष पोराने रॉकी हिल इथे जॉर्ज वॉशिंग्टनला समोर बसवून त्याचं चित्र काढलं. पुढच्या वर्षी त्याला लंडनला बेंजामिन वेस्ट या चित्रकाराकडे शिकायला पाठवलं. तिथे तीन वर्षं त्याने काय केलं? नाटकं बघितली, मित्रांबरोबर भटकला, स्टुडिओत फार थोडा वेळ गेला. हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय, कुठलीही सबब न देता.

परतल्यावरचं पहिलं नाटक ‘द मॉडेस्ट सोल्जर’. न्यूयॉर्कातल्या ‘ओल्ड अमेरिकन कंपनी’ या नाटक मंडळीचे चालक हॅलम आणि हेन्री यांनी ऐकलं, छान म्हणाले, स्वीकारलं. पण नाटक काही लागेना. दिवस गेले, महिने गेले. शेवटी डनलॅपला कळलं की नाटकात मिस्टर आणि मिसेस हेन्री यांना शोभेल अशी भूमिकाच नव्हती! कारण समजल्यावर तो रुसून बसला नाही. पुढचं नाटक त्याने त्या दोघांना आणि हॅलमला डोळ्यासमोर ठेवून मापात बेतलं. ते ‘द फादर’, ७ सप्टेंबर १७८९ ला लागलं आणि चाललं. नाट्यव्यवसायात उमेदवारी केलेल्या कुणालाही हा प्रसंग वाचताना हसू येईल आणि थोडं दुखेलही.

त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला विग्नेल या विनोदी नटाच्या मदतीच्या प्रयोगासाठी त्याने ‘डार्बीज रिटर्न’ नावाची छोटी गाणीवजा नाटिका लिहिली. डार्बी हा आयरिश शिपाई जग फिरून गावी येतो आणि काय काय पाहिलं ते सांगतो. प्रेक्षागृहात राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन बसलेला. नवी राज्यघटना, नवं सरकार यांचा उल्लेख आला तशी सगळ्या थिएटरची मान त्याच्या बॉक्सकडे वळली. मग नाटिकेतली कॅथलीन विचारते, तो दिसायला कसा होता, बुटका की उंच? डनलॅप लिहितो की या क्षणी वॉशिंग्टनचा चेहरा अवघडला. आता परत एक स्तुतिपाठ ऐकावा लागणार, असं त्याला वाटलं. पण डार्बी म्हणतो, मला तो दिसलाच नाही, जरीचे कपडे घातलेल्या भलत्याच झगमगीत माणसाला मी ‘तो’ समजलो, आणि कळेपर्यंत मिरवणूक निघून गेली होती. वॉशिंग्टन सुटकेने खळखळून हसला. असं तो फार क्वचित हसत असे, ही डनलॅपचीच नोंद.

या प्रसंगात मला नाटककारापेक्षा इतिहासकार जास्त दिसतो. आपलं नाटक चालू असताना लेखक सहसा रंगमंचाकडे बघतो, नटाने वाक्य खाल्लं का ते बघतो. हा प्रेक्षकाच्या चेहऱ्याकडे बघत होता. आणि वॉशिंग्टनसारखा माणूस उघडपणे नाटकाला येऊन बसतो याचं तेव्हा केवढं मोल होतं, हेही ध्यानात घ्या. युद्धाच्या काळात, १७७८ मध्ये, काँग्रेसने ठराव केला होता की नाटकाला जाणाऱ्या सरकारी माणसाला पदावरून काढावं. पेनसिल्व्हेनियाने नाटकबंदी उठवली ती त्या १७८९ मध्येच, आणि मॅसॅच्युसेट्सने १७९३ मध्ये. म्हणजे डनलॅप ज्या धंद्यात शिरत होता तो अजून अर्धा बेकायदा, अर्धा बदनाम होता.

आणि धंद्यात तो शिरलाच. १७९६ मध्ये त्याने ‘ओल्ड अमेरिकन कंपनी’त भागीदारी घेतली. उरलेले दोन भागीदार म्हणजे लुईस हॅलम आणि जॉन हॉजकिन्सन. हॅलम म्हातारा, मानी. हॉजकिन्सन गुणी नट, आणि प्रत्येक चांगली भूमिका आपल्यालाच हवी या मताचा. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं नातं. हॅलमच्या बायकोला दारूच्या व्यसनामुळे रंगमंचापासून दूर ठेवलं होतं. १७९७ च्या मार्चमध्ये एका रात्री हॉजकिन्सन रंगमंचावर येताच प्रेक्षकांतून हुर्यो उठली, आणि हॅलम काळ्या पोशाखातल्या बायकोचा हात धरून तिला थेट रंगमंचावर घेऊन आला. तिने आपली कैफियत प्रेक्षकांपुढे मांडली. या दोघांच्या मध्ये सुशिक्षित, सभ्य, पैसे ओतणारा डनलॅप. नाटक कंपनीत जो सभ्य असतो आणि ज्याच्याकडे पैसे असतात, त्याचं काय होतं हे वेगळं सांगायला नको.

त्यातच नवं पार्क थिएटर बांधून होत होतं. सुमारे दोन हजार माणूस बसेल एवढं मोठं, खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेलेला. २९ जानेवारी १७९८ ला ते अपुऱ्या बांधकामातच उघडलं, आणि दोनच महिन्यांत, ३० मार्चला, डनलॅपने आपलं सगळ्यात महत्त्वाकांक्षी नाटक त्यात लावलं : ‘आंद्रे’.

तोच तो पडदे रंगवणारा मेजर. बेनेडिक्ट अर्नोल्डने वेस्ट पॉइंटचा किल्ला ब्रिटिशांना विकायचा कट केला, त्याचे कागद बुटात लपवून नेताना आंद्रे पकडला गेला आणि २ ऑक्टोबर १७८० ला हेर म्हणून फासावर गेला. निदान शिपायासारखी गोळी घाला, ही त्याची विनंती वॉशिंग्टनने नाकारली. डनलॅप तेव्हा चौदा वर्षांचा, ब्रिटिशांच्या न्यूयॉर्कात. त्याच्या बालपणाच्या शहरात आंद्रे हा हळहळण्याचा विषय होता आणि ज्या देशात तो नाटक लावत होता तिथे शत्रूचा हेर. नाटकाचा ताण इथूनच आलाय. ब्लँड नावाच्या तरुण अमेरिकन अधिकाऱ्याला ब्रिटिशांच्या कैदेत असताना आंद्रेने भावासारखं वागवलेलं असतं. तो सेनापतीकडे आंद्रेच्या जिवाची भीक मागतो. सेनापतीला नाटकात नाव नाही, नुसता ‘जनरल’, पण कोण ते शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि वॉशिंग्टन तेव्हा हयात होता. जनरल नकार देतो. मग ब्लँड संतापाने आपल्या शिरस्त्राणावरचं अमेरिकन फीत-चिन्ह, ज्याला तिकडे कॉकेड म्हणतात, ते उपटतो आणि फेकून देतो.

थिएटरात नापसंतीचं हिस्स सुरू झालं.

हे चिन्ह म्हणजे काही किरकोळ रिबन नव्हती. १७९८ च्या त्या वसंतात फ्रान्सशी युद्ध होईल असं वातावरण होतं. कोण कुठलं कॉकेड टोपीला लावतो, यावरून रस्त्यात हाणामाऱ्या व्हायच्या दिवसांची ती नांदी होती. अशा वेळी अमेरिकन अधिकारी ते चिन्ह जमिनीवर फेकतो. त्या रात्री गोंगाट शमला, शेवटी टाळ्याही पडल्या, पण बाहेर गावभर बोभाटा झाला. ब्लँडचं काम करणाऱ्या थॉमस कूपरच्या मित्रांना धास्ती पडली की याची लोकप्रियता जाणार, नाटक बंद करा म्हणाले. डनलॅपने नाटक बंद केलं नाही. प्रसंग बदलला : पुढच्या प्रयोगांत ब्लँडला पश्चात्ताप होतो आणि तो ते चिन्ह परत लावून घेतो.

कूपरबद्दल त्या प्रयोगाचा एक किस्सा सांगितला जातो, खरा-खोटा देव जाणे, पण पडद्यामागे वावरलेल्या माणसाला तो खोटा वाटत नाही. पाठांतराची बोंब. कैदेतल्या आंद्रेला भेटायच्या भावुक प्रसंगात कूपरला ओळच आठवेना. तो ‘ओ आंद्रे! ओ आंद्रे!’ असं कळवळून म्हणत राहिला, मग आंद्रे झालेल्या हॉजकिन्सनच्या गळ्यात पडला आणि हुंदके देत कानात विचारू लागला, पुढे काय? पुढे काय आहे?

पहिल्या रात्रीचा गल्ला ८१७ डॉलर. डनलॅपने इतिहासात हा आकडा दिलाय आणि पुढे जेमतेम दोन शब्द : तात्पुरता दिलासा. आपल्या सर्वोत्तम नाटकाच्या पहिल्या प्रयोगाबद्दल लेखक किती लिहू शकला असता! पण हा लेखक तेव्हा मॅनेजरच्या खुर्चीत होता आणि दुसऱ्या दिवशी पगार वाटायचे होते. नाटक इनमिन तीन वेळा झालं.

पण पुस्तक छापताना त्याने एक गोष्ट केली. नाटकाच्या संहितेला आंद्रेच्या खटल्याची मूळ कागदपत्रं, पत्रव्यवहार जोडला. कॉकेडचा गोंधळ आणि केलेला बदल प्रस्तावनेत स्वतःच सांगितला. नाटक लिहून कागदपत्रं जोडणं म्हणजे काय? प्रेक्षकांनी हिस्स केलं, आता वाचकांनी पुरावे बघून ठरवावं. इतिहासकार डनलॅप १८३२ मध्ये जन्मला असं समजू नका, तो इथे १७९८ मध्येच आहे.

त्या वर्षाचे पुढचे महिने भयानक गेले. भागीदार गळाले, सगळा भार एकट्यावर. उन्हाळ्यात पिवळा ताप आला. त्याचा जिवलग मित्र, डॉक्टर आणि कवी एलिह्यू हबर्ड स्मिथ, रोग्यांवर उपचार करता करता सप्टेंबरमध्ये गेला. थिएटर डिसेंबरपर्यंत उघडताच आलं नाही. उघडलं तेव्हा तिजोरीत काही नव्हतं.

मग १० डिसेंबर १७९८ ला ‘द स्ट्रेंजर’ लागलं आणि हंगाम तरला. मूळ नाटक ऑगस्ट फॉन कोत्सेबू या जर्मन लेखकाचं, लंडनमध्ये नुकतंच धो-धो चाललेलं. नवऱ्याला सोडून गेलेली बायको, पश्चात्ताप, क्षमा, रुमाल ओले. डनलॅपला तेव्हा जर्मन येत नव्हतं. लंडनच्या प्रयोगाचं जे काही वर्णन हाती आलं त्याच्यावरून कथानकाचा सांगाडा घेतला आणि संवाद आपले घातले. चाललं म्हटल्यावर पठ्ठ्या जर्मन शिकला! आणि पुढची दोन वर्षं कोत्सेबूचा रतीब घातला : ‘लव्हर्स व्हाउज’, ‘फॉल्स शेम’, ‘पिझारो इन पेरू’, ‘द व्हर्जिन ऑफ द सन’. अभ्यासक या अनुवादांवर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. दोन हजार खुर्च्यांचं थिएटर आठवड्याला तीन-चार प्रयोग मागतं, शहर लहान, तेच तेच प्रेक्षक, म्हणजे सतत नवं नाटक हवं. अशा यंत्राच्या पोटात काहीतरी घालावंच लागतं. त्याने त्यातल्या त्यात बरं अन्न घातलं.

मात्र ‘आंद्रे’चं पुढे जे केलं ते त्यालाही झोंबत राहिलं. ४ जुलै १८०३ ला, स्वातंत्र्यदिनाच्या सुटीला, त्याने ‘द ग्लोरी ऑफ कोलंबिया : हर योमनरी!’ लावलं. हे म्हणजे ‘आंद्रे’चाच जुना कपडा उसवून शिवलेला तमाशा. आंद्रेची द्विधा बाजूला सारली, त्याला पकडणाऱ्या तीन साध्या शेतकरी-शिपायांना नायक केलं, गाणी आणि विनोद घातला, शेवटी यॉर्कटाउनचा वेढा तोफांच्या धुरासकट, आणि वॉशिंग्टनचा जयजयकार राणा भीमदेवी थाटात. वर्षानुवर्षं हे नाटक राष्ट्रीय सणांना होत राहिलं. हिस्स नाही, बोभाटा नाही, फक्त टाळ्या. डनलॅपने इतिहासात त्याचा उल्लेख केलाय तो असा, की सुटीच्या दिवशीच्या मूर्खांच्या करमणुकीसाठी अधूनमधून याचा मुडदा पाडला जातो. स्वतःच्या सगळ्यात यशस्वी नाटकाबद्दल!

एवढं करूनही फेब्रुवारी १८०५ मध्ये दिवाळं वाजलं. पिवळा ताप पुन्हा पुन्हा येत होता, भाडं जबर, नटांचे पगार जबर. घर गेलं, पर्थ अँबॉयची वडिलोपार्जित मालमत्ता गेली. एकोणचाळिसाव्या वर्षी हा माणूस हस्तिदंतावर छोटी व्यक्तिचित्रं रंगवत गावोगाव हिंडू लागला. वर्षभराने ज्या थिएटरचा तो चालक होता तिथेच, कूपरच्या हाताखाली, पगारी मदतनीस म्हणून परत आला. होय, तोच कूपर, ओळ विसरलेला.

या मधल्या काळातली एक नोकरी विलक्षण आहे. १८१० मध्ये जॉर्ज फ्रेडरिक कुक हा लंडनचा बडा नट अमेरिकेत आला. तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत थिएटर फुटेस्तोवर गर्दी खेचणारा, आणि दारूत अखंड बुडालेला. डनलॅपला त्याच्याबरोबर दौऱ्यावर धाडलं, काम एकच : हा रात्री रंगमंचावर उभा राहण्याच्या अवस्थेत ठेवायचा. अशी ड्युटी मी केली आहे, नाव घेत नाही, पण त्या कामात माणूस नटाचा जितका अभ्यास करतो तितका कुठल्याही समीक्षेत होत नाही. कुक १८१२ मध्ये न्यूयॉर्कातच वारला, आणि पुढच्याच वर्षी डनलॅपने त्याचं दोन खंडांचं चरित्र छापलं. सांभाळताना ज्या नोंदी ठेवल्या त्या कामी आल्या. त्यात कुकचं खोटं बोलणं, रडणं, दुसऱ्या दिवशीची लाज, आणि संध्याकाळी सात वाजता अचानक जागा होणारा नट, सगळं आहे. दारूचा हा विषय त्याला इतका लागला की सत्तरीत त्याने दारूबंदीच्या बाजूने एक कादंबरीही लिहिली.

पुढची वर्षं भरभर सांगतो. १८१४ पासून दोनेक वर्षं न्यूयॉर्कच्या नागरी सेनेत पगार वाटणारा अधिकारी. मग पुन्हा चित्रकला, या वेळी प्रचंड धार्मिक चित्रं. ‘ख्राइस्ट रिजेक्टेड’ हे अठरा फूट बाय बारा फुटांचं. गुरू वेस्टचं याच विषयावरचं चित्र त्याने पाहिलेलं नव्हतं, छापील वर्णन वाचून त्यावरून आपलं केलं. ‘द स्ट्रेंजर’ आठवतं ना? न वाचलेल्या नाटकाचं रूपांतर, न पाहिलेल्या चित्राची आवृत्ती. महासागराच्या अलीकडे बसून पलीकडच्या कलेची खबर कानावर घ्यायची आणि तिच्यावरून आपलं उभं करायचं, ही त्या पिढीची सगळी कहाणी या दोन उदाहरणांत आहे. ती चित्रं गावोगाव तिकीट लावून दाखवली जात. म्हणजे थिएटर सुटलं तरी खिडकी सुटली नाही. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनच्या संस्थापकांत तो होता.

आता इतिहासाकडे. ‘अमेरिकन रंगभूमीचा इतिहास’ १८३२ मध्ये न्यूयॉर्कात निघाला. सुरुवात १७५२ पासून : हॅलम कुटुंबाची कंपनी ‘चार्मिंग सॅली’ जहाजातून व्हर्जिनियात उतरली, जहाजाच्या डेकवर तालमी करत आली होती, आणि विल्यम्सबर्गमध्ये ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ने पडदा उघडला. त्या रात्री धाकटा लुईस हॅलम, वय वर्षं बारा, पोर्शियाच्या नोकराच्या भूमिकेत होता. एकच ओळ. पोरगं प्रेक्षक बघून थिजलं, रडायला लागलं आणि आत पळालं. हे कुणी सांगितलं? त्याच लुईस हॅलमने, म्हातारपणी, डनलॅपला.

इथेच त्या ग्रंथाची गोम आहे. तुम्ही वाचलेल्या चुका खऱ्या आहेत. हॅलम मंडळींच्या आधी मरे आणि कीन यांची कंपनी १७४९-५० मध्येच फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कात नाटकं करत होती. विल्यम्सबर्गला तर त्याच्याही तीसेक वर्षं आधी थिएटर बांधलेलं होतं. त्या पहिल्या प्रयोगाची तारीखही त्याने ५ सप्टेंबर दिली, प्रयोग १५ ला झाला. कारण उघड आहे : ज्याच्याशी भागीदारी केली, ज्याची भांडणं सोडवली, त्या माणसाची आठवण त्याच्यासाठी पुरावा होती, आणि हॅलमच्या आठवणीत रंगभूमीचा इतिहास हॅलमपासून सुरू होत होता. पण बघा, तारीख दुसरीकडे मिळाली. रडत पळालेला मुलगा दुसरीकडे कुठे मिळाला असता?

ग्रंथात तो स्वतःला ‘मी’ म्हणत नाही, ‘मॅनेजर’, ‘लेखक’ असं तिऱ्हाइतासारखं म्हणतो. हा तिऱ्हाइतपणा फसवा आहे, हॉजकिन्सनबद्दलची पानं वाचलीत की कळेल. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा राग तिथे अजून ओला आहे. म्हणून मी सांगतो, गल्ल्याचे आकडे आणि नटांचे पगार विश्वासाने घ्या, ते डायरीतून आलेत. माणसांबद्दलची मतं मात्र समोरच्याची बाजू नाही असं धरून वाचा. डायरीचे जे भाग वाचले ते १९३० मध्ये तीन खंडांत छापले गेले आहेत, पडताळून बघता येतं.

आणि या दिवाळखोराचा निष्कर्ष काय? खासगी मॅनेजरला पोट भरायचं असतं, तो प्रेक्षकाच्या सवयीच्या मागे जाणार, तेव्हा युरोपातल्या काही देशांसारखा इथेही रंगभूमीला सरकारचा आश्रय हवा आणि ती नफेखोरीतून सोडवायला हवी. १८३२ च्या अमेरिकेत हे बोलणं म्हणजे वेडेपणाच. कोणी मनावर घेतलं नाही. पण ते पुस्तकी मत नव्हतं. ‘ग्लोरी ऑफ कोलंबिया’ लिहिलेल्या हाताने ते लिहिलं होतं. दोन वर्षांनी त्याने चित्रकला-शिल्पकलेचाही असाच दोन खंडांचा इतिहास काढला. त्यावरून लोक त्याला अमेरिकेचा व्हासारी म्हणतात; व्हासारी म्हणजे इटलीतल्या कलावंतांची चरित्रं लिहिणारा सोळाव्या शतकातला चित्रकार. २८ सप्टेंबर १८३९ ला न्यूयॉर्कात तो गेला, तंगीतच.

शेवटी लघुप्रबंध. बहुतेक जण ‘आंद्रे’ घेतात. तुम्हाला ते घ्यायचंच असेल तर एकटं घेऊ नका. ‘ग्लोरी ऑफ कोलंबिया’ शेजारी ठेवा आणि ओळ न् ओळ लावून बघा : काय जसंच्या तसं राहिलं, काय कापलं, कुणाच्या तोंडचं वाक्य कुणाकडे गेलं. पाच वर्षांत प्रेक्षकाने लेखकाकडून काय काय काढून घेतलं त्याची यादीच हातात येईल.

पण मला विचाराल तर ‘अ ट्रिप टू नायगारा’ घ्या. बावरी थिएटरसाठी १८२८ च्या नोव्हेंबरात लिहिलेलं, त्याचं जवळजवळ शेवटचं. थिएटरने हडसन नदीच्या प्रवासाचा फिरता पडदा तयार केला होता. प्रेक्षकांच्या समोरून नदीचे काठ सरकत जातात आणि आगबोट चालल्याचा भास होतो. त्या पडद्याला काहीतरी गोष्ट हवी म्हणून डनलॅपला बोलावलं. प्रस्तावनेत तो मोकळेपणी सांगतो की हे नाटक म्हणजे नेपथ्यकाराच्या अधिक महत्त्वाच्या कामाला दिलेली साथ आहे. गोष्ट हलकीफुलकी : अमेरिकेतलं सगळंच वाईट म्हणणारा एक इंग्रज पर्यटक, आणि त्याची खोड मोडायला वेषांतरं करणारा दुसरा.

त्यात जॉब जेरीसन नावाचा एक कृष्णवर्णीय वेटर आहे. कुणी त्याच्या मालकाबद्दल बोलतं तेव्हा तो ताडकन सांगतो, मला मालक नाही. तो शेक्सपिअर करणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या नाट्यमंडळाचा चालक आहे आणि समोरच्याला नाटकाची तिकिटं देऊ करतो. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्ण संपली ४ जुलै १८२७ ला, म्हणजे या प्रयोगाच्या सोळा महिने आधी. विल्यम ब्राउनने चालवलेलं कृष्णवर्णीयांचं थिएटर न्यूयॉर्कात १८२१ च्या सुमारास होतं, ते प्रेक्षकांच्या स्मरणात होतंच. आणि डनलॅपने वडिलांच्या मृत्यूनंतर घरचे गुलाम मुक्त केले होते, गुलाममुक्तीसाठी काम करणाऱ्या संस्थेतही तो होता. १८३२ मध्ये याच बावरी थिएटरात टी. डी. राइस हा गोरा नट तोंडाला काळं फासून ‘जिम क्रो’ हे कृष्णवर्णीयाचं टिंगलीचं सोंग नाचला आणि लोक वेडे झाले. त्याच वर्षी डनलॅपचा इतिहास निघाला.

एकाच रंगमंचावर चार वर्षांच्या अंतराने हे दोघे उभे राहिले, जेरीसन आणि जिम क्रो. जेरीसनचे प्रवेश आधी सुटे काढून वाचा. तो कुठे कुणाचं ऐकून घेतो, कुठे उलटून बोलतो, आणि प्रेक्षकाला त्याच्याबरोबर हसायचंय की त्याला हसायचंय, हे दर वाक्याला पेन्सिलने मांडून ठेवा. दोन-तीन जागी ठरवता येणार नाही. प्रबंध त्या जागांवरच लिहा.